‘चौपट’ हा आकडा नेमका कशाचा?

वाचकाचे पत्र

आदरणीय मॅडम, मी कोकणातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. विंचूदंशावर प्रतिविष द्यावे की नाही, या विषयावर उपलब्ध संशोधनाचा पद्धतशीर आढावा घ्यावा, असे माझ्या गाइडनी सुचवले. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर, शोध घेतला तेव्हा साडेचारशेच्या आसपास नोंदी निघाल्या. वॉर्ड, कॅज्युअल्टी आणि प्रबंध सांभाळून एवढे वाचणे शक्य नव्हते, म्हणून मी सगळे गोषवारे एका एआय साधनाला दिले. तासाभरात दोन पानांचा नेटका सारांश हाती आला. गाइडनी तो वाचला आणि ‘उत्तम झाले आहे, भाषा जरा तपासून पाठवून दे’ असे म्हणाले. त्या सारांशात ‘महाड येथील चाचणीनुसार प्रतिविषामुळे विंचूदंशाचा मृत्युदर चौपट घटतो’ असे एक वाक्य आहे. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर विंचूदंशाचे रुग्ण येतात, त्यामुळे ते वाक्य मला खटकले, पण चूक कुठे आहे ते सांगता येईना. माझे प्रश्न तीन आहेत. असे साधन वापरणे हीच लबाडी आहे का? वापरायचे तर कशासाठी आणि किती? आणि गाइडना हे कसे सांगावे?

उत्तर

सस्नेह नमस्कार.

तुम्हाला खटकलेल्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत.

ती चाचणी मला चांगली ठाऊक आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ती केली आणि २०११ साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. लाल विंचवाच्या दंशाचे ७० रुग्ण तिच्यात होते. त्यांतल्या ३५ जणांना प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाबरोबर प्रतिविष दिले गेले आणि उरलेल्या ३५ जणांना नुसते प्राझोसिन. दहा तासांनंतर घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, रक्तदाबातला बिघाड, नाडीचा वाढलेला वेग ही सारी लक्षणे पूर्णपणे निघून गेली आहेत का, हा मुख्य परिणाम आधीच ठरवलेला होता. प्रतिविष मिळालेल्या गटात ३२ जणांची, म्हणजे ९१.४ टक्के रुग्णांची लक्षणे तोवर निमाली होती, तर नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८ जणांची, म्हणजे २२.९ टक्के रुग्णांची. ३२ भागिले ८ केले की ४ येतात, आणि तुमचे ‘चौपट’ तिथून आले आहे.

म्हणजे यंत्राने आकडा मनाने रचलेला नाही. खरा आकडा उचलून त्याने भलत्या परिणामाला चिकटवला. दहा तासांत पूर्ण बरे होण्याचे प्रमाण चौपट होते, याचे ‘मृत्युदर चौपट घटतो’ झाले. या चाचणीचा मुख्य परिणाम मृत्यू हा नव्हताच. तिच्यात घेतलेले रुग्ण दुसऱ्या श्रेणीचे होते, म्हणजे त्यांच्या शरीरभर विषाची लक्षणे दिसत होती, पण हृदय, फुफ्फुसे किंवा मेंदू अजून अडचणीत आलेले नव्हते. शिवाय प्रकृती बिघडत जाऊन वरच्या श्रेणीत गेलेल्या रुग्णांची संख्या दोन्ही गटांत सारखीच होती, हेही त्याच निबंधात नोंदवलेले आहे. तुमच्या सारांशात ते वाक्य कुठेच दिसत नाही, आणि कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या डॉक्टरला नेमके तेच हवे असते.

त्याच निबंधातली आणखी एक जागा पाहा. प्रतिविषाच्या गटातले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले आणि दुसऱ्या गटातल्यांना सरासरी १७.७ तास लागले. आता ‘८’ हा अंक एकाच गोषवाऱ्यात दोन ठिकाणी आला. एका ठिकाणी तो तासांचा आहे आणि प्रतिविषाच्या गटाचा आहे, दुसऱ्या ठिकाणी तो माणसांचा आहे आणि त्याच्या विरुद्ध गटाचा आहे. थकलेला निवासी डॉक्टर रात्री दोन वाजता इथे गोंधळेल आणि यंत्रही गोंधळेल. फरक इतकाच की डॉक्टरला आपण थकलो आहोत हे ठाऊक असते आणि त्याच्या अक्षरावरून ते इतरांनाही कळते, पण यंत्राची चूक त्याच्या बरोबर वाक्याइतक्याच सफाईदार भाषेत लिहिलेली असते.

यावरून माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर तो असा: यंत्राकडे निकाल मागू नका, पत्ता मागा. अमुक आकडा कोणत्या निबंधात, कोणत्या पानावर, कोणत्या तक्त्यात आणि कोणत्या वाक्यात आहे, ते वाक्य जसेच्या तसे त्याने काढून द्यावे आणि त्याचा अर्थ तुम्ही लावावा.

आता पहिला प्रश्न, लबाडीचा. साधन वापरणे ही लबाडी नाही, वापरून लपवणे ही लबाडी आहे. पद्धतशीर आढावे कसे सादर करावेत याची प्रिझ्मा नावाची जी सूची जगभर पाळली जाते, तिच्या २०२० च्या आवृत्तीत निबंधांची निवड करताना आणि त्यांतली माहिती उतरवताना कोणती स्वयंचलित साधने वापरली हे नोंदवायला सांगितलेले आहे. नोंदी कशा गळत गेल्या हे दाखवणाऱ्या तिच्या आकृतीत तर स्वयंचलित साधनाने बाद ठरवलेल्या नोंदींसाठी वेगळी जागाच ठेवली आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही २०२३ पासून स्पष्ट केले आहे की एआय साधनाला लेखक म्हणता येणार नाही, त्याचा वापर सांगावा लागेल आणि मजकुराची जबाबदारी माणसांचीच राहील. जबाबदारीचा अर्थ इथे अगदी साधा आहे. उद्या एखाद्या वाचकाने ‘मृत्युदर चौपट’ कुठून आणले असे विचारले, तर उत्तर तुम्हाला द्यावे लागेल, आणि ‘साधनाने सांगितले’ हे उत्तर होत नाही.

साधने वापरण्याची गरज का पडते, हेही मी नाकारत नाही. दिवसाला सुमारे ७५ चाचण्या आणि ११ पद्धतशीर आढावे प्रसिद्ध होतात, मग वाचायचे कसे, असा प्रश्न २०१० साली तिघा जाणत्या संशोधकांनी एका निबंधाच्या शीर्षकातच विचारला होता. आज पबमेडवर साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. एका अभ्यासात आढावा नोंदवल्यापासून तो छापून येईपर्यंत सरासरी ६७ आठवडे लागतात असे दिसले, म्हणजे तो छापला जाईस्तोवर काही अंशी शिळा झालेला असतो. माझ्या उमेदीच्या काळात आम्ही ग्रंथालयात बसून जाडजूड सूचीग्रंथांतून कार्डांवर नोंदी उतरवत असू. त्या दिवसांविषयी मला फारसा जिव्हाळा नाही.

दुसरा प्रश्न मात्र खोल आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवते.

स्वयंचलित साधनांची कामे वेगवेगळी असतात आणि त्यांची विश्वासार्हताही वेगवेगळी असते, पण ‘एआय’ या एका नावाखाली ती सगळी एका टोपलीत टाकली जातात. पहिले काम चाळणीचे. साडेचारशे शीर्षके आणि गोषवारे पाहून कोणते विषयाशी संबंधित आहेत ते ठरवायचे. रय्यान किंवा उट्रेख्त विद्यापीठात तयार झालेले एएसरिव्ह्यू यांसारखी साधने तुम्ही निवडलेल्या आणि नाकारलेल्या नोंदींवरून शिकत जातात आणि उपयोगी वाटणाऱ्या नोंदी वर आणून ठेवतात. या कामात ती खरोखर चांगली आहेत, विशेषतः नोंदी हजारांच्या घरात असल्या तर. पण तुमच्याकडे साडेचारशेच आहेत. दोघांनी मिळून वाचले तर तीन-चार संध्याकाळींचे काम आहे. ते तुम्ही आणि एका सहकाऱ्याने एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे करावे, यंत्राला तिसरा वाचक म्हणून ठेवावे आणि तिघांत जिथे मतभेद दिसेल तिथे मूळ निबंध उघडावा. यंत्राने तळाला ढकललेल्या नोंदी न पाहता टाकून देऊ नका.

चाळणीच्याही आधी एक अडचण आहे, ती शोधाची. आपल्या लाल विंचवाचे शास्त्रीय नाव जुन्या निबंधांत बुथस टॅम्युलस असे येते, नंतरच्या निबंधांत मेसोबुथस टॅम्युलस आणि अलीकडच्या निबंधांत हॉटेंटोटा टॅम्युलस. प्राणी एकच आहे, नावे तीन आहेत. तुम्ही फक्त मधले नाव घालून शोध घेतला असेल, तर अलीकडचे आणि जुने दोन्ही काम हुकण्याची शक्यता आहे, आणि जे शोधातच आले नाही ते जगातल्या कोणत्याही यंत्राला सारांशात आणता येणार नाही. तुमच्या ग्रंथपालांना घेऊन एक दुपार बसा आणि शोध पुन्हा घ्या. त्यांची मदत मागायला निवासी डॉक्टर उगाच संकोचतात.

दुसरे काम निबंधाचा प्रकार ओळखण्याचे, म्हणजे ही यादृच्छिक नियंत्रित चाचणी (आरसीटी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्ण गटांत वाटलेली चाचणी) आहे की नाही ते सांगण्याचे. हेही यंत्रांना बऱ्यापैकी साधले आहे. पण इथे आपल्या विषयापुरता एक धोका आहे. विंचूदंशावर प्राझोसिन वापरावे, हे ज्ञान मोठमोठ्या चाचण्यांतून आलेले नाही. ते महाड परिसरातल्या रुग्णांच्या खाटेशेजारी बसून केलेल्या नोंदींतून आले. बावस्करांनी १९८२ साली लाल विंचवाच्या दंशाची हृदयाशी निगडित पूर्वलक्षणे लॅन्सेटमध्ये मांडली आणि १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिनविषयी लिहिले. यंत्राला ‘फक्त आरसीटी ठेव’ असे सांगितले की हा सगळा पाया गाळणीत अडकून राहतो. त्यातून संपादकाला पाठवलेल्या पत्रांना पबमेडवर गोषवारा नसतो. नुसत्या गोषवाऱ्यांवर चालणाऱ्या साधनाला अशा लेखनाचे शीर्षक तेवढे दिसते. गडचिरोलीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याविषयी केलेला, १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेला अभ्यासही यादृच्छिक नव्हता. ३९ गावांत काम आणि ४७ गावांशी तुलना, अशी त्याची रचना होती. अशा अभ्यासाचे वजन किती धरायचे यावर वाद जरूर घालावा, पण तो माणसांनी घालावा, गाळणीने परस्पर मिटवून टाकू नये.

तिसरे काम माहिती उतरवण्याचे. रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता, हे चार धागे प्रत्येक निबंधातून वेगळे काढायचे. तुमच्या जर्नल क्लबमध्ये याला ‘पिको’ म्हणत असतील. हे चार धागे यंत्राला ओळखता यावेत म्हणून २०१८ साली सुमारे पाच हजार गोषवाऱ्यांवर माणसांनी खुणा करून एक संग्रह तयार केला गेला आणि त्यानंतरच्या बऱ्याच साधनांची तालीम त्यावर झाली. त्यातून रुग्ण आणि उपचार ओळखणे यंत्राला जमू लागले. आकडा कोणत्या गटाचा, कोणत्या परिणामाचा आणि कोणत्या वेळेचा, ही सांगड घालणे मात्र अजून कठीण जाते, आणि तुमचे ‘चौपट’ नेमके या सांध्यातच निसटले आहे.

इथे माझी एक जुनी चूक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका आढाव्यासाठी मी आकडे उतरवत होते. एका निबंधाच्या तक्त्यात सरासरीपुढे अधिक-उणे चिन्ह देऊन २ हा आकडा दिला होता. मी तो प्रमाण विचलन (रुग्णांच्या आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) समजून रकान्यात भरला. प्रत्यक्षात तक्त्याच्या तळटीपेत बारीक अक्षरांत ती प्रमाण त्रुटी (सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता) असल्याचे लिहिले होते. गटात ६४ रुग्ण होते, म्हणजे खरे प्रमाण विचलन दोनाला ६४ च्या वर्गमुळाने, आठाने, गुणून १६ यायला हवे होते. माझ्या चुकीमुळे ती छोटी चाचणी भलतीच काटेकोर ठरली आणि तिने एकत्रित निष्कर्ष आपल्याकडे ओढून नेला. आलेख पाहून आमच्यातल्या सर्वांत कनिष्ठ सहकारी मुलीने ‘एवढीशी चाचणी आणि तिची अनिश्चितता दाखवणारी रेघ इतकी अरुंद कशी?’ असे विचारले, म्हणून तो प्रकार छापण्यापूर्वी सापडला. मी तक्ता वाचला होता, तळटीप वाचली नव्हती. यंत्रांचेही असेच होते. दोन स्तंभांत छापलेल्या पानावरचा तक्ता उचलताना ओळी सरकतात, तळटीप तक्त्यापासून तुटते आणि ऐंशीच्या दशकातल्या स्कॅन केलेल्या पानांवर दशांशचिन्हच नाहीसे होते.

चौथे काम चाचणीच्या दर्जाचे मूल्यमापन. रोबोरिव्ह्यूअर नावाचे एक साधन गेली काही वर्षे उपलब्ध आहे. रुग्ण गटांत कसे वाटले, कोणाला काय दिले हे झाकून ठेवले होते का, यांसारख्या मुद्द्यांवर ते पक्षपाताचा धोका कमी की जास्त असा अंदाज देते. मला त्याची एक गोष्ट फार आवडते. अंदाज देताना तो निबंधातल्या कोणत्या वाक्यांवरून बांधला ती वाक्येही ते शेजारी मांडते. वाक्य समोर असले की तुम्हाला वाद घालता येतो. महाडच्या चाचणीचेच उदाहरण घ्या. ती खुली चाचणी होती, कोणाला प्रतिविष मिळते आहे हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. यंत्र इथे जास्त धोका अशी खूण करील आणि ती योग्यच आहे. पण त्या धोक्याने किती फरक पडतो हे परिणामावर अवलंबून असते. घाम थांबला का, हातपाय गरम झाले का, या नोंदींवर पाहणाऱ्याच्या अपेक्षेचा थोडाफार रंग चढू शकतो, तर मृत्यूच्या नोंदीवर तो चढणे कठीण. हा विचार तुम्ही करायचा आहे. तुम्ही असे हातपाय स्वतः चाचपून पाहिलेले आहेत.

उरले पाचवे काम, सारांश लिहिण्याचे. तुम्ही सुरुवातच इथून केली, आणि माझ्या मते यंत्राच्या हाती सर्वांत शेवटी द्यावे, किंवा देऊच नये, असे हे काम आहे. कारण दोन.

एक म्हणजे गोषवारा हाच मुळात लेखकाने केलेला सारांश असतो आणि तो नेहमी प्रांजळ असतो असे नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा मुख्य परिणाम संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध झाला नव्हता अशा ७२ चाचण्यांचे अहवाल तपासले गेले. त्यांतल्या ५८.३ टक्के अहवालांच्या गोषवाऱ्यातील निष्कर्षात उपचार प्रत्यक्षापेक्षा चांगला भासेल अशी शब्दरचना आढळली. नुसत्या गोषवाऱ्यांचा सारांश करणारे यंत्र ही रंगसफेदी इमानेइतबारे पुढे पोहोचवते. म्हणून निवडलेल्या प्रत्येक चाचणीचा पूर्ण निबंध मिळवा. जे निबंध नियतकालिकाच्या वर्गणीतून मिळतील, ते बाहेरच्या साधनावर चढवण्यापूर्वी त्याची मुभा आहे का हे ग्रंथपालांना विचारा.

दुसरे कारण विंचवाशी निगडित आहे. प्रतिविषाच्या तीन चाचण्या शेजारी ठेवा. ट्युनिशियात आठशेहून अधिक रुग्णांवर झालेली, १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेली चाचणी सांगते की विंचूदंशावर सरसकट प्रतिविष देण्याचा फायदा नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये झालेली, २००९ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेली चाचणी अवघ्या १५ मुलांची आहे. तिच्यात प्रतिविष मिळालेल्या आठही मुलांची लक्षणे चार तासांत गेली, तर दुसऱ्या गटात सातांपैकी एकाच मुलाची. तिसरी महाडची. या तिन्हींचा सारांश करायला यंत्राला सांगा, ते बहुधा लिहील: ‘विंचूदंशावरील प्रतिविषाबाबतचा पुरावा संमिश्र आहे.’ वाक्य समंजस वाटते, कोणाचे मन दुखवत नाही आणि कोणाच्या उपयोगाचेही नाही. कारण ॲरिझोनाचा विंचू वेगळा आणि त्याचे विष मुख्यतः मज्जासंस्था आणि स्नायूंवर झपाटा दाखवते, मुलांचे डोळे गरगरतात, अंग झटके देते. आपल्या लाल विंचवाच्या विषाने शरीरात रसायनांचे वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. म्हणून तर रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन इथे कामी येते. प्रतिविषेही निरनिराळी, आपल्याकडचे मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारे. शिवाय महाडच्या चाचणीत दोन्ही गटांना प्राझोसिन दिलेले होते, म्हणजे तिथला प्रश्न ‘प्रतिविष की काहीच नाही’ असा नसून ‘प्राझोसिन एकटे की जोडीला प्रतिविष’ असा होता. तीन चाचण्यांनी तीन वेगळे प्रश्न विचारले आहेत. त्यांची उत्तरे जुळत नाहीत याला संमिश्र पुरावा म्हणणे चूक आहे. ‘विंचू’ हा शब्द समान असल्यामुळे यंत्राने त्यांना एका पंगतीत बसवले, एवढेच.

मागे घेतलेले निबंध तपासायलाही विसरू नका. कोविडच्या काळात आयव्हरमेक्टिनचा मोठा फायदा दाखवणारा इजिप्तमधला एक प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीच प्रसिद्ध केलेला निबंध, जुलै २०२१ मध्ये आकड्यांविषयीच्या गंभीर शंकांमुळे काढून घेण्यात आला, तोवर तो अनेक आढाव्यांत मिसळून गेला होता. यंत्राने जे वाचून ठेवले त्यातून ते आपोआप पुसले जात नाही. आणि सारांशात आलेला प्रत्येक संदर्भ खरोखर अस्तित्वात आहे का, हे त्याच्या पबमेड क्रमांकावरून पाहा.

तर करायचे काय? तो दोन पानांचा सारांश बाजूला ठेवा. प्रश्न पुन्हा लिहून काढा: कोणता विंचू, कोणत्या श्रेणीचे रुग्ण, प्रतिविष कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम, किती वेळाने. त्यावरून आराखडा तयार करून तो यॉर्क विद्यापीठाच्या प्रॉस्पेरो या नोंदवहीत नोंदवता येतो का ते पाहा. चाळणी सुरू झाल्याची खरी माहिती तिथे द्या. मग एक्सेलमध्ये तक्ता करा. प्रत्येक आकड्याच्या शेजारी दोन रकाने ठेवा, एकात मूळ निबंधातले वाक्य जसेच्या तसे आणि दुसऱ्यात पान किंवा तक्त्याचा क्रमांक. पहिले दहा निबंध यंत्र बंद ठेवून हाताने भरा. मग तेच दहा यंत्राला द्या आणि दोन्ही तक्ते ताडून पाहा. चुका किती झाल्या यापेक्षा कोणत्या प्रकारच्या झाल्या हे मोजा: गट उलटले, वेळ चुकली, परिणाम बदलला की प्रमाण त्रुटी आणि विचलन यांची गल्लत झाली. त्या यादीवरून पुढच्या निबंधांत यंत्राचे काय डोळे मिटून घ्यायचे नाही हे तुम्हाला कळेल, आणि ती यादी तुमच्या लेखाच्या पद्धतीच्या विभागात छापण्याजोगी असेल. हाताने भरलेले दहा निबंध वाया गेले असे समजू नका. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक त्यांतलाच एखादा विचारतील.

आता तिसरा प्रश्न, गाइडचा. तुमच्या गाइडनी तो सारांश निष्काळजीपणाने पास केला असे मला वाटत नाही. तो वाचायला छान होता आणि छान वाचले जाणारे बरोबरच असणार, ही आपली सगळ्यांचीच सवय आहे. त्यांच्याकडे ‘सर, एआयवर विश्वास ठेवता येत नाही’ असे तत्त्वज्ञान घेऊन जाऊ नका, त्यावर अर्धा तास चर्चा होईल आणि शेवटी ‘पाठवून दे’ हेच उत्तर येईल. ओपीडी संपल्यावर महाडच्या निबंधाची छापील प्रत घेऊन जा, ३२ आणि ८ या आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढा, शेजारी सारांशातले वाक्य ठेवा आणि एवढेच म्हणा, ‘सर, हे मृत्यूचे आकडे नाहीत, लक्षणे जाण्याचे आहेत. असे आणखी कुठे झाले आहे का ते बघायला मला सहा आठवडे द्या.’ मुदत नेमकी मागा. विंचूदंशाचे रुग्ण स्वतः पाहिलेल्या वरिष्ठाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. त्यांनी तरीही घाई केली, तर सहलेखक म्हणून त्यांचेही नाव त्या वाक्याखाली जाणार आहे, याची नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

तक्त्याची पहिली ओळ महाडच्या चाचणीचीच भरा. तिच्या शेरा या रकान्यात यंत्राचे ‘मृत्युदर चौपट घटतो’ हे वाक्य तारखेसह तसेच राहू द्या, साधनाचे नाव आणि आवृत्तीही लिहा. समीक्षकांनी विचारले तर दाखवता येईल.